निकोडेमस कुठे आहे? कॅन्ससमधल्या एका चौकोनी काउंटीची गोष्ट

अमेरिकेतल्या लेकीकडे किंवा मुलाकडे जाऊन आलेल्या मराठी माणसाला अमेरिका दोन टोकांनी ठाऊक असते. एक टोक न्यू जर्सीचं, दुसरं कॅलिफोर्नियाचं. मधला देश विमानाच्या खिडकीतून दिसतो, तोही जाग असली तर. खाली पाहिलं की चौकोनच चौकोन. हिरवे, पिवळे, मातकट, सगळे एका मापाचे, पट्टीनं आखल्यासारखे. ते खरोखर पट्टीनंच आखलेले आहेत. कुणी आखले, त्यांत राहायला कोण आलं आणि आलेली माणसं पुढे गेली कुठे, हे समजून घ्यायला एक काउंटी पुरेशी आहे. मी त्यासाठी कॅन्सस राज्याच्या वायव्य भागातली ग्रॅहम काउंटी घेतली आहे. निकोडेमस हे तिच्यातलंच एक चिमुकलं गाव. तिचं नाव तुम्ही ऐकलं नसेल. बऱ्याच अमेरिकनांनीही ऐकलेलं नसतं.

आधी काउंटी म्हणजे काय ते पाहू. आपण तिला सरसकट 'जिल्हा' म्हणतो, पण ते अर्धंच खरं आहे. आपला जिल्हाधिकारी सरकार नेमतं, तीन वर्षांनी बदली झाली की दुसरा येतो. काउंटीत बदलीवर आलेला साहेब नसतो. कारभार पाहणारे तीन कमिशनर, शेरीफ, खजिनदार, जमिनीचे दस्त नोंदवणारा अधिकारी, सरकारी वकील, ही सगळी माणसं तिथल्या मतदारांनी निवडलेली असतात आणि बहुधा तिथलीच असतात. म्हणजे अधिकार जिल्ह्याचे, आकार तालुक्याचा आणि माणसं एखाद्या मोठ्या गावाइतकी. एकट्या कॅन्ससमध्ये अशा १०५ काउंट्या आहेत. इतक्या कशाला? शेतकऱ्याला घोडागाडीनं मुख्य गावी जाऊन काम उरकून त्याच दिवशी घरी परतता यावं, हा हिशेब त्यामागे होता असं सांगतात. गाड्या बदलल्या, हिशेब तसाच राहिला.

ग्रॅहम काउंटीचं क्षेत्रफळ ८९९ चौरस मैल, म्हणजे सुमारे २,३२८ चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून तिच्यात जवळजवळ चारदा मावतील. आणि २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या होती २,४१५. पुण्या-ठाण्यातल्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलात याहून जास्त माणसं राहतात. दर चौरस किलोमीटरला जेमतेम एक माणूस. आपल्याकडे विरळ वस्तीचा म्हणून ज्याचं नाव घेतात त्या गडचिरोलीत २०११ साली हा आकडा ७४ होता.

आता त्या चौकोनांकडे येऊ, कारण या काउंटीचं सगळं नशीब त्यांच्यात आहे.

स्वातंत्र्य मिळाल्यावर नव्या अमेरिकी सरकारकडे पैसा नव्हता, जमीन अफाट होती. ती विकायची तर मोजायला हवी. १७८५ साली कायदा झाला आणि ठरलं की पश्चिमेकडची जमीन डोंगर, ओढे, वहिवाट काही न बघता सरळ चौकोनांत मोजायची. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा एक मोठा चौकोन, त्याला म्हणायचं टाउनशिप. त्याचे एक-एक चौरस मैलाचे ३६ तुकडे, म्हणजे सेक्शन. एका सेक्शनमध्ये ६४० एकर. त्याचा चौथा हिस्सा १६० एकर, त्याला म्हणायचं क्वार्टर. हा क्वार्टर शब्द तिथल्या शेतकऱ्याच्या तोंडी आजही आपल्या 'बिघा' किंवा 'गुंठ्या'सारखा सहज असतो. अमक्याचा क्वार्टर विकायला निघालाय, तमक्यानं दोन क्वार्टर खंडानं घेतलेत.

आपल्याकडे सातबारावरच्या गटाचा नकाशा पाहिला तर तो वेडावाकडा असतो. कुठे नाल्याबरोबर वळतो, कुठे भावकीच्या बांधाला अडतो. कारण आधी माणसं राहिली, भांडली, वाटण्या झाल्या आणि मोजणीदार साखळी घेऊन मागाहून आला. कॅन्ससमध्ये उलटं झालं. मोजणीदार आधी आला, माणसं मागून. पाच टाउनशिप आडव्या, पाच उभ्या, अशा पंचवीस टाउनशिप म्हणजे ग्रॅहम काउंटी. पंचवीस गुणिले छत्तीस नऊशे होतात आणि नोंद ८९९ ची आहे. पृथ्वी गोल आणि चौकोन सपाट, त्यामुळे हिशेब थोडा इकडे-तिकडे व्हायचाच. उत्तरेकडे जाताना रेखावृत्तं जवळ येत जातात, म्हणून मोजणीदारांना काही अंतरावर चौकोन सरकवून घ्यावे लागत. त्या मैदानी मुलखात नाकासमोर जाणारा रस्ता काही कारण नसताना अचानक डावीकडे वळतो, शंभर पावलांवर पुन्हा उजवीकडे वळून सरळ होतो. ना ओढा, ना टेकडी. तिथे चौकोन सरकवलेला असतो, एवढंच.

चौकोन आखले तेव्हा जमीन मोकळी नव्हती. पॉनी, शायान, अरापाहो, कान्सा हे लोक म्हशींच्या, म्हणजे तिथल्या केसाळ बायसनच्या कळपांमागे या भागात येत-जात असत. काउंटीच्या मधून पश्चिमेकडून पूर्वेकडे सॉलोमन नदीची दक्षिण शाखा वाहते. तिला नदी म्हणताना आपण थोडं उदार व्हायचं, कारण बऱ्याचदा ती ओढ्याएवढीच असते. तिच्या काठच्या उंचवट्यावर, पेनोकी नावाच्या वस्तीजवळ, जमिनीवर दगड मांडून केलेली एक भलीमोठी मानवाकृती आहे. काउंटीतली सर्वांत जुनी खूण तीच. राष्ट्रीय वारसा नोंदवहीत तिची नोंद आहे, पण ती कुणी आणि का केली याचं उत्तर तिथे मिळत नाही.

याच सॉलोमनच्या खोऱ्यात जुलै १८५७ मध्ये शायान योद्धे आणि कर्नल एडविन सम्नरचं घोडदळ समोरासमोर आलं. शायानांनी लढाईआधी एका पवित्र तळ्यात हात बुडवले होते. त्या पाण्यानं सैनिकांच्या गोळ्या निकामी होतील, अशी त्यांच्या धर्मगुरूंची ग्वाही होती. सम्नरनं ऐनवेळी, कुणाच्याही ध्यानीमनी नसताना, बंदुका ठेवून तलवारी उपसायचा हुकूम दिला. मंत्र गोळ्यांवरचा होता, तलवारीवरचा नव्हता. शायानांची फळी लढाईला तोंड फुटण्याआधीच मोडली. एका हुकमानं लढाई फिरल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

त्यानंतर दहा वर्षांनी, १८६७ मध्ये, कॅन्ससच्या विधिमंडळानं कागदावर ग्रॅहम काउंटी तयार केली. नाव दिलं कॅप्टन जॉन ग्रॅहम याचं, जो यादवी युद्धात १८६३ साली चिकामॉगाच्या लढाईत मारला गेला होता. कारभार प्रत्यक्ष सुरू व्हायला १८८० उजाडलं, कारण कारभार करायला माणसंच नव्हती.

माणसं यावीत म्हणून सरकारनं १८६२ मध्येच एक कायदा केला होता, होमस्टेड कायदा. किरकोळ फी भरा, एक क्वार्टर म्हणजे १६० एकर घ्या, त्यावर पाच वर्षं राहा, जमीन कसा, मग ती तुमची. आपल्या कानाला १६० एकर म्हणजे वतनदारी वाटते. पूर्वेकडे, ओहायो किंवा इलिनॉयमध्ये, ती खरोखरच एका कुटुंबाला पुरून उरायची. पण ग्रॅहम काउंटीतून एक अदृश्य रेघ जाते. १०० अंश पश्चिम रेखावृत्त हिल सिटी आणि मॉरलंड या दोन गावांच्या मधून पार होतं. जॉन वेस्ली पॉवेल नावाच्या एका हाताच्या भूशास्त्रज्ञानं (दुसरा हात युद्धात गेला होता) १८७८ साली सरकारला अहवाल दिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की साधारण या रेघेपाशी वर्षाचा पाऊस वीस इंचांवर येतो आणि पुढे पश्चिमेला कमीच होत जातो. तिथे निव्वळ पावसाच्या भरवशावर पूर्वेसारखी शेती करता येणार नाही. कोरड्या मुलखात चराईवर जगणाऱ्या कुटुंबाला १६० नव्हे, २,५६० एकर द्या. म्हणजे सोळा पट.

वीस इंच म्हणजे सुमारे पाचशे मिलिमीटर. माण-खटाव किंवा सांगोल्याच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पॉवेलचं कुणी ऐकलं नाही. त्या काळात एक समजूत जोरात होती की नांगर जिथे जातो तिथे पाऊस त्याच्या मागे येतो. जमीन नांगरली की हवा ओलसर होते, आपोआप ढग धरतात. जमीनदलाल आणि रेल्वे कंपन्या हे छापून वाटत होत्या, आणि ज्यांना जमीन हवी होती त्यांना ते खरं वाटून घ्यायचं होतं.

यात सगळ्यांत जास्त आशेनं आली ती केंटकीतली कृष्णवर्णीय माणसं.

केंटकी यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूला राहिलं होतं, पण गुलामी तिथेही होती आणि ती संपल्यावरचा जाचही. मुक्त झालेल्या माणसाच्या हातात जमीन नव्हती. जुन्याच मालकाच्या शेतात वाट्यानं राबायचं, वर्षाअखेरीला देणं त्याच्याच वहीत निघायचं, आणि रात्री-बेरात्री येणाऱ्या टोळक्यांची भीती वेगळी. १८७७ मध्ये दक्षिणेतलं केंद्रीय सैन्याचं उरलंसुरलं संरक्षणही निघून गेलं. कॅन्ससचं नाव मात्र त्यांच्या मनात मोठं होतं. गुलामीविरुद्ध शस्त्र उचलणारा जॉन ब्राऊन इथेच लढला होता.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये सात जणांनी निकोडेमस टाउन कंपनी काढली. सहा कृष्णवर्णीय, एक गोरा. अध्यक्ष डब्ल्यू. एच. स्मिथ कृष्णवर्णीय, तर खजिनदार डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीनदलाल. काउंटीचं आजचं मुख्य गाव हिल सिटी, ते याच हिलच्या नावाचं. त्यांनी पत्रकं छापली, लेक्सिंग्टन आणि जॉर्जटाउनच्या आसपासच्या चर्चांमध्ये वाटली. सुपीक जमीन, भरपूर पाणी, आपलं स्वतःचं गाव. निकोडेमस हे नाव बायबलमधलं की त्या काळी गायल्या जाणाऱ्या गाण्यातल्या एका गुलामाचं, याबद्दल दोन तट आहेत. पत्रकावर त्या गाण्याच्या ओळींचा आधार घेतलेला होता, हे दुसऱ्या तटाच्या बाजूनं जातं. सप्टेंबर १८७७ मध्ये सुमारे तीनशे जणांचा पहिला मोठा जथा निघाला.

रेल्वे एलिसपर्यंत होती. तिथून पुढे पस्तीसेक मैल उघड्या माळरानातून, पायी किंवा गाडीनं. १८७८ च्या वसंतात आलेल्या दुसऱ्या एका जथ्यात विलियाना हिकमन नावाची बाई होती, तिचा नवरा धर्मोपदेशक. एलिसला मुक्काम असताना गोवराची साथ आली, जथ्यातली काही मुलं तिथेच दगावली. त्यांना पुरून लोक पुढे निघाले. रस्ता नव्हताच, पुरुष होकायंत्र पाहत पुढे चालत. रात्री जनावरं जवळ येऊ नयेत म्हणून शेकोट्या पेटवायच्या आणि बंदुकीचे बार काढायचे. दोन दिवसांनी नवरा आनंदानं ओरडला, ते बघ निकोडेमस! विलियाना सगळीकडे बघते तर नुसतं गवत. तिनं विचारलं, कुठे आहे निकोडेमस? मला तर दिसत नाही. नवऱ्यानं जमिनीतून वर येणाऱ्या धुराच्या रेघांकडे बोट दाखवलं. तेच निकोडेमस.

माणसं जमिनीत बिळं करून राहत होती. उंचवट्याच्या पोटात खणलेली खोली, वर फांद्या आणि मातीचं छप्पर, कोपऱ्यात चूल आणि धुरासाठी भोक. लाकूड नाही, कारण झाडं नाहीत. विलियानानं पुढे आठवण सांगताना म्हटलं होतं की तो देखावा बघून मला रडू फुटलं. अशा किती तरी कुटुंबांनी पत्रकावरचं गाव आणि डोळ्यांपुढचं गाव ताडून पाहिलं आणि आल्या पावली परत फिरली. जी राहिली त्यांच्यापैकी बहुतेकांकडे परतीचे पैसे नसावेत, हा माझा अंदाज.

पहिला हिवाळा त्यांनी कसा काढला? चुलीला रानशेणी होत्या, गाई-म्हशींच्या नव्हे, बायसनच्या. मारून टाकलेल्या कळपांची हाडं माळावर पडली होती, ती गोळा करून खतासाठी विकली. शिकारीवरून परतणाऱ्या ओसेज लोकांनी मांस दिलं नसतं तर काहींची उपासमारच होती. ज्यांची जमीन काढून घेतली जात होती त्यांनी, ज्यांना जमीन कधी मिळालीच नव्हती त्यांना जगवलं. याच बिळांपैकी एकात एमा विल्यम्स बाळंत झाली. तिचा हेन्री हे निकोडेमसमध्ये जन्मलेलं पहिलं मूल. वसंत आला तेव्हा सगळ्या वस्तीत तीनच घोडे होते असं सांगतात. बाकीच्यांनी फावड्यानं आणि दुभत्या गाई जुंपून जमीन फोडली. त्या माळाचं गवत साधं नव्हे. मुळांची जाळी इतकी घट्ट की ती कापून विटांसारखी रचली की भिंत उभी राहते. पुढे घरं तशीच बांधली गेली.

आणि मग खरंच गाव झालं. झकारी फ्लेचर पहिला पोस्टमास्तर, त्याची बायको जेनी पहिली शिक्षिका, शाळा भरायची तिच्याच घरात. १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चर्च, शाळा, किराणा दुकानं, लहान हॉटेलं, वकील, बँडपथक, बेसबॉलचा संघ, वाङ्मय मंडळ, 'वेस्टर्न सायक्लोन' आणि 'निकोडेमस एंटरप्राइज' अशी दोन वर्तमानपत्रं, आणि चक्क आइस्क्रीमचं दुकान. बिळातून आइस्क्रीमपर्यंत यायला दहा वर्षंही लागली नाहीत.

एडवर्ड मकेब हा शिकलेला तरुण शिकागोहून १८७८ मध्ये इथे आला. काउंटी सुरू झाली तेव्हा राज्यपालांनी त्याला तिचा पहिला हंगामी कारकून नेमलं. पदाचं नाव कारकून असलं तरी ते काउंटीच्या दप्तराचं मुख्य पद आहे. १८८२ साली तो कॅन्सस राज्याचा महालेखापरीक्षक म्हणून निवडून आला, १८८४ मध्ये पुन्हा. राज्यपातळीवरच्या पदावर निवडून आलेला कॅन्ससमधला तो पहिला कृष्णवर्णीय माणूस. मतदार बहुतांशी गोरे होते, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

गाव मारलं ते रेल्वेनं. म्हणजे रेल्वे न येण्यानं. त्या मुलखात रेल्वे आली की गाव, नाही आली की माळ. निकोडेमसच्या लोकांनी १८८७ मध्ये मिसुरी पॅसिफिक कंपनीला १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले, तरी रूळ आले नाहीत. पुढच्या वर्षी युनियन पॅसिफिकनं रूळ टाकले, पण सॉलोमनच्या पलीकडच्या, दक्षिण काठानं. कामगारांचा तळ पडला तिथे बोग हे नवं गाव झालं. दुकानदार एकेक करून तिकडे निघाले. काहींनी तर दुकानाची इमारतच उचलून नेली. मकेबही पुढे ओक्लाहोमाला गेला, तिथे १८९० मध्ये लँगस्टन हे आणखी एक कृष्णवर्णीय गाव वसवण्यात त्याचा मोठा वाटा होता.

पण रेल्वे ज्यांच्या दारात आली त्यांचं तरी काय झालं? इथे लोकसंख्येचे आकडे बोलतात. १९१० मध्ये ग्रॅहम काउंटीत ८,७०० माणसं होती. तो कळस. १९४० मध्ये ६,०७१. १९८० मध्ये ३,९९५. २००० मध्ये २,९४६. आणि २०२० मध्ये २,४१५. मधे, १९५० ते १९६० दरम्यान, आकडा पाच हजार वीसवरून साडेपाच हजारांवर गेला. तेव्हा इथल्या विहिरींतून तेल निघत होतं. आजही गव्हाच्या शेतात मान हलवणारे पंप दिसतात, पण त्यांना राबायला फार माणसं लागत नाहीत.

गळतीचं कारण विचारलं की उत्तर ठरलेलं येतं: १९३० च्या दशकातली धुळीची वादळं, मग ट्रॅक्टर, मग शहरं. सगळं खरं आहे. पण मला वाटतं हे नुसतं गणितानंही समजतं. काउंटीत पंचवीस टाउनशिप, म्हणजे ३,६०० क्वार्टर. होमस्टेड कायद्याच्या कल्पनेप्रमाणे प्रत्येक क्वार्टरवर पाच माणसांचं एक कुटुंब धरलं तर १८,००० माणसं व्हायला हवीत. इतकी कधीच झाली नाहीत. ऐन भरात त्याच्या निम्मीही नव्हती. आता पॉवेलच्या मापानं बघा. २,५६० एकराला एक कुटुंब धरलं तर काउंटीत सव्वादोनशे शेतं बसतात, म्हणजे हजार-अकराशे माणसं, अधिक गावातले दुकानदार, मास्तर, नर्स, शेरीफ. आजच्या आकड्याच्या हे बरंच जवळ जातं. वॉशिंग्टनमध्ये बसून काढलेलं माप जमिनीनं शंभर वर्षं झटकत झटकत आपल्या मापाला आणलं. 'ओसाड पडत चाललेली काउंटी' असं लिहिण्याची पद्धत आहे. मी ते वाक्य वापरताना थोडा थांबेन.

अर्थात हे कागदावर सोपं आहे. ज्याचा क्वार्टर विकला गेला त्याला ते सोपं गेलेलं नसतं.

कोरडवाहू शेतकऱ्यांनी तिथे काय शहाणपण शोधलं तेही सांगण्यासारखं आहे. मुख्य पीक हिवाळी गहू: सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचा, बर्फाखाली झोपू द्यायचा, जून-जुलैत काढायचा. दुसरं पीक आपल्या ओळखीचं, ज्वारी. तिथे तिला मायलो म्हणतात. जेमतेम कमरेएवढी ठेंगणी, कणीस गच्च आणि लालसर, म्हणजे यंत्राला सोयीची. अमेरिकेत सगळ्यांत जास्त ज्वारी कॅन्ससमध्येच पिकते आणि ती गुरांच्या आंबोणात किंवा इथेनॉलच्या कारखान्यात जाते. भाकरी कुणी करत नाही. पारंपरिक पद्धतीत काही जमीन वर्षभर पड ठेवतात, तिच्यावर तण उगवू देत नाहीत, जेणेकरून एका वर्षाचा पाऊस मातीत मुरून दुसऱ्या वर्षीच्या पिकाला मिळावा. दोन वर्षांच्या पावसावर एक पीक. ओगलाला या प्रचंड भूजलसाठ्याची कड काउंटीच्या पश्चिम भागाला लागते. विमानातून चौकोनांत जे गोल दिसतात ते बोअरच्या पाण्यावर फिरणाऱ्या तुषार सिंचनाचे. त्या साठ्यात पाणी भरण्याचा वेग उपशापुढे नगण्य आहे. उन्हाळा कसा असतो हे विदर्भातल्या वाचकांनी ऐकावं: जून २०१२ च्या अखेरीला हिल सिटीत ११५ अंश फॅरनहाइट नोंदलं गेलं. म्हणजे ४६ सेल्सिअस.

हिल सिटी हे १,४०३ वस्तीचं गाव म्हणजे इथलं महानगर. दोन राष्ट्रीय महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. काउंटीचं कोर्ट, दवाखाना, शाळा, तेलाचं संग्रहालय, सगळं इथेच. मुख्य गावाचा मान त्याला पहिल्यापासून नव्हता. तो आधी मिलब्रुकला मिळाला होता, पण १८८० च्या दशकात चक्रीवादळानं मिलब्रुक झोपवलं आणि दप्तर हिल सिटीला आलं. मिलब्रुकचं नाव आता एका टाउनशिपला तेवढं उरलंय. इथल्या टाउनशिपची नावं वाचण्यासारखी आहेत: हॅपी, वाइल्ड हॉर्स, पायोनियर. एकीचं नाव आहे अलोडियम, जो कायद्यातला जुना शब्द आहे. ज्या जमिनीवर कुठल्याही सरदाराचा, राजाचा हक्क चालत नाही ती अलोडियम. कुणीतरी वसाहतवाला लॅटिन शिकलेला असणार आणि जमीनमालकाला कंटाळलेला.

निकोडेमसचं पोस्ट १९५३ मध्ये बंद झालं. तरी आजूबाजूची शेती कसणारी काही कुटुंबं टिकली, आणि याच शेतांत वाढलेला व्हेरिल स्विट्झर १९५४ मध्ये ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघात पहिल्या फेरीत निवडला गेला. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला, यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात (१८६५ ते १८७७) कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या गावांपैकी आजवर उभं राहिलेलं हे एकच, असं सांगतात. १९९६ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं. जपलेल्या इमारती पाच. एएमई (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) चर्च १८८५ चं, स्थानिक चुनखडीच्या दगडाचं. १९०७ चं पहिलं बाप्टिस्ट चर्च. सेंट फ्रान्सिस हॉटेल, जे फ्लेचर दांपत्याचं घर, पोस्ट आणि शाळा असं सगळं होतं. १९१८ ची शाळा. आणि १९३९ साली मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतून बांधलेला टाउनशिप हॉल, एका अर्थी तिथलं रोजगार हमीचं काम. भव्य असं काहीच नाही. पाचही इमारती चालत पाहायला तास पुरतो. ताजमहाल पाहिलेल्या आपल्या लोकांना यात बघायचं काय, असा प्रश्न पडू शकतो. मला विचाराल तर बघायचं ते इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत, जिथून घरं उचलून बोगला नेली गेली.

२०२० च्या जनगणनेत निकोडेमसमध्ये १४ माणसं मोजली गेली. जुलैच्या शेवटच्या आठवड्याच्या अखेरीला मात्र तिथे गाड्या लावायला जागा शोधावी लागते. वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या मुक्तीचा दिवस म्हणून पहिल्या वसाहतवाल्यांनी १ ऑगस्टचा सण धरला होता, त्याचंच आता घरवापसीचं संमेलन झालंय. डेन्व्हर, टोपेका, कॅन्सस सिटी, कॅलिफोर्निया, कुठून कुठून नातवंडं-पतवंडं येतात. मिरवणूक, प्रार्थना, जेवणावळी, कुणाचा आजा कुठल्या क्वार्टरवर होता याच्या गप्पा. कोकणातल्या गावी गणपतीत जे होतं त्याच्या जवळचं काहीतरी.

जायचं असेल तर हिल सिटीहून यूएस २४ या रस्त्यानं पूर्वेला निघायचं. उजवीकडे दूरवर बोगचं धान्याचं उंच कोठार दिसतं. बारा मैलांवर निकोडेमसची पाटी आहे. ती चुकली तर थोड्याच अंतरावर शेजारची रूक्स काउंटी सुरू होते, मग गाडी वळवून मागे यायचं.